पाइप रंगावर उभा आहे

स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट आला की सोसायटीत सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारला जातो : "आपण पास की नापास?"

आमचा रिपोर्ट चांगला जाडजूड होता. स्पायरल बाइंडिंग, गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. मुंबई महापालिकेच्या लेखी जुन्या इमारतींच्या चार इयत्ता आहेत. सी-१ म्हणजे धोकादायक, सामान उचला आणि निघा. सी-२-ए म्हणजे काही भाग पाडून मोठी दुरुस्ती. सी-२-बी म्हणजे मोठीच दुरुस्ती, पण घरं रिकामी न करता. आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. आम्ही सी-२-बीमध्ये निघालो. "म्हणजे एटीकेटी," ३०४वाल्यांच्या इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाने अनुभवाने सांगितलं आणि सभेच्या जिवात जीव आला.

(आमच्याकडे माणसांना आडनावं आहेत, पण ती फक्त लेटर बॉक्सवर. सोसायटीच्या कामकाजात माणूस फ्लॅटच्या नंबरने ओळखला जातो. "२०३वाल्या वहिनी बोलतील," असं चेअरमन म्हणाले की पुढे काय वाढून ठेवलंय ते सगळ्यांना कळतं.)

मग लोकांनी फोटो बघितले. कॉलम आणि बीमचे फोटो थोडेच होते. पानामागून पान एकाच विषयाचं होतं : भिंतीवरून खाली उतरणारे गंजलेले पाइप, त्यांच्या सांध्यांतून फुटलेले पिंपळ, भिंतीवर ओघळलेले काळे-हिरवे पट्टे. ४०१वाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि जाहीर केलं, "ही आपली बिल्डिंगच नाही. दुसऱ्या कुणाचे तरी फोटो चिकटवलेत."

त्यांचा दोष नव्हता. इमारतीच्या मागे आमच्यापैकी कुणी गेलंच नव्हतं. मुंबईतल्या प्रत्येक जुन्या इमारतीला पुढून नावाची संगमरवरी पाटी, तुळशीच्या कुंड्या आणि दिवाळीत माळा असतात. मागे, कंपाउंडची भिंत आणि इमारत यांच्यामध्ये माणूस आडवा झाला तरच जाईल अशी एक गल्ली असते. तिथे पडलेले कपड्यांचे चिमटे, कुणी कधीच मागायला न आलेली अंतर्वस्त्रं, हरवलेले रबरी बॉल आणि कबुतरांची चार पिढ्यांची मालमत्ता असते. त्या गल्लीत खालून वर बघितलं की इमारतीचा खरा कारभार दिसतो. संडासाचा पाइप वेगळा, मोरी-बाथरूमचा वेगळा, दोघांना हवा पुरवणारा तिसरा. सगळे चार इंची, सगळे बिडाचे, १९७८ साली बसवलेले. तेव्हापासून पाच मजल्यांनी रोज जे काही सोडलं ते त्यांनी निमूटपणे खाली पोचवलं. त्याबद्दल वर्षातून एकदाही कुणी त्यांच्याकडे मान वर करून बघितलं नाही.

खरं तर कायद्याने बघायला हवं. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८चा. त्यात पुढे घातलेल्या ३५३-ब कलमाप्रमाणे इमारतीने तिशी ओलांडली की तिची तपासणी करून घ्यावी लागते. सहकारी सोसायट्यांचे आदर्श उपविधी तर त्याहून काटेकोर : १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा, त्यापुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा. आमच्या सोसायटीने हे उपविधी मंजूर केलेले आहेत, त्यांची छापील पुस्तिका कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली आधीच्या सेक्रेटरींकडे आहे. ते आता पुण्याला असतात.

ऑडिट करायला जो इंजिनिअर आला तो तरुण होता आणि त्याच्या हातात एक छोटा हातोडा होता. त्या हातोड्यामुळे घराघरांत त्याचं स्वागत जरा सावधपणेच झालं. "आमच्याकडे सगळं नीट आहे, खालच्यांकडे बघा," असं चौथ्या मजल्याने सांगितलं. "आमच्याकडे जे आहे ते वरच्यांमुळे," असं तिसऱ्याने सांगितलं. एका घरात सत्यनारायण होता, दुसऱ्या घरात बाळ झोपलं होतं, तिसऱ्या घरात दोन्ही कारणं दिली गेली. बाथरूमच्या छतावरच्या ओल्या डागाबद्दल प्रत्येकाचं स्वतःचं संशोधन होतं. १०२वाल्यांनी त्या डागावर गणपतीच्या मखराचं थर्माकोल चिकटवलं होतं. २०२वाल्यांनी तिथे फॉल्स सीलिंग करून डागाला स्वतंत्र खोलीच दिली होती. आणि ४०२वाल्या वहिनींनी जो युक्तिवाद केला त्याला उत्तर नव्हतं : "अहो, आमच्याकडे मुळात पाणीच येत नाही, गळणार कुठून?"

घरं संपल्यावर तो मागच्या गल्लीत शिरला आणि पाइपवर हातोडा मारत चालला. बीड शाबूत असेल तर खणखणीत वाजतं, तडा गेला असेल तर बद्द वाजतं. आमचा पाइप एका ठिकाणी वाजलाच नाही. हातोडा आत गेला. वॉचमन धावत आला, "साहब, मत मारो, गिर जाएगा!" वॉचमनचं हे एक वाक्य पुढच्या रिपोर्टच्या अकरा पानांचा गोषवारा आहे, पण त्यावर सही-शिक्का नसल्यामुळे ते ग्राह्य धरता आलं नाही.

सर्वसाधारण सभेत बिडाच्या बाजूने ५०१वाले काका उभे राहिले. काका एका मोठ्या इंजिनिअरिंग कारखान्यातून निवृत्त झालेत आणि हल्लीच्या सगळ्याच गोष्टी पातळ झाल्या आहेत यावर त्यांची श्रद्धा आहे. "बीड मरत नसतं," ते म्हणाले. "फ्रान्सच्या चौदाव्या लुईने व्हर्सायला पाणी नेण्यासाठी १६६४ साली बिडाचे पाइप घातले. तीनशे वर्षांहून जास्त चालले. राजे गेले, राज्यक्रांती झाली, पाइप तिथेच! आणि आपण पन्नास वर्षं व्हायच्या आत बदलायचे?"

सभा क्षणभर फ्रान्समध्ये होती. मग २०३वाल्या वहिनी उठल्या. "काका, त्या पाइपातून राजाच्या बागेला चांगलं पाणी जात होतं. आपल्या पाइपातून काय जातं?"

यातच सगळं रसायनशास्त्र आलं, पण इंजिनिअरने ते सविस्तर सांगितलं, कारण त्याचे पैसे त्याने घेतले होते. मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा जो वास आपण शेजाऱ्यांच्या स्वयंपाकावर ढकलतो, तो बहुतेकदा हाच. पाइपात जिथे पाणी पोचत नाही अशा भागावर हा वायू जमतो, तिथले जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल पाइप आतून खातं. शिवाय आपण वरून संडास लखलखीत करायला अॅसिड ओततो, तेही शेवटी तिथेच जातं. म्हणजे वरची फरशी जितकी पांढरी, तितका खालचा पाइप आजारी. हे ऐकल्यावर सगळ्यांनी ३०१वाल्या आजींकडे बघितलं. त्यांच्या संडासाच्या स्वच्छतेचं आजवर हळदीकुंकवात फक्त कौतुकच झालं होतं.

पण बिडाची खरी गंमत पुढे आहे. त्यात साधारण दोन ते चार टक्के कार्बन असतो, आणि बराचसा ग्राफाइटच्या बारीक पाकळ्यांच्या रूपात. आम्ल आणि ओल यांनी लोखंड हळूहळू निघून जातं आणि मागे ग्राफाइट व गंज यांचा सांगाडा राहतो. पाइपचा आकार तोच, जाडी तीच, जागाही तीच. फक्त आत जोर नसतो. सुरीने खरवडला तर निघेल, पण लांबून बघणाऱ्याला शंका येत नाही. "म्हणजे दिसायला पूर्ण पण कामाला काहीच नाही," कुणीतरी म्हणालं, आणि मंचावरच्या एका पदाधिकाऱ्याने उगाचच पाण्याचा ग्लास उचलला.

यानंतर पैशांचा विषय निघाला आणि सभेत जान आली. उपविधी सांगतात की दुरुस्ती निधीसाठी दरवर्षी बांधकाम खर्चाचा किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का जमा करावा. किमान या शब्दावर आमच्या सोसायटीचं अपार प्रेम आहे. शिवाय बांधकाम खर्च म्हणजे मूळचा बांधकाम खर्च. समजा १९७८ साली एका घराच्या बांधकामाला ६० हजार रुपये लागले असतील, तर दुरुस्तीचे वर्षाचे ४५० रुपये आणि सिंकिंगचे १५०. हल्ली ४५० रुपयांत प्लंबर येतो, बघतो, मान हलवतो आणि जातो. ज्या घराची किंमत विकताना दोन कोटींच्या खाली कुणी ऐकून घेत नाही, त्याच घराची किंमत वर्गणी काढताना ६० हजार असते. एकाच माणसाने एकाच घराबद्दल हे दोन्ही आकडे एकाच श्वासात, छातीवर हात ठेवून सांगितलेले मी ऐकले आहेत.

आणि मग तो रामबाण मुद्दा निघालाच. "कशाला पाइप बदलायचे? रिडेव्हलपमेंट येतंय ना!"

रिडेव्हलपमेंट आमच्याकडे पुष्कळ दिवसांपासून येतंय. राज्य सरकारने २०१९ साली त्यासाठी लागणारी संमती ५१ टक्क्यांवर आणली, तेव्हा तर ते कोपऱ्यावर पोचलं होतं. बिल्डर येतात, इमारतीला पुढून बघतात, चहा घेतात, कार्पेट एरियाचं काहीतरी बोलतात आणि जातात. मधल्या काळात दरवाजे रंगवायचे नाहीत, लिफ्ट बदलायची नाही, पाइपला हात लावायचा नाही, कारण उगाच खर्च कशाला. जे घर उद्या पाडायचं आहे त्यात माणसं आज राहतात, ही तांत्रिक अडचण कुठल्याच सभेच्या विषयपत्रिकेवर नसते.

तरीही ऑडिटच्या रिपोर्टमुळे कमिटीला काहीतरी करणं भाग होतं. म्हणून कमिटीने आधी गळतीचा गुन्हेगार शोधायचं ठरवलं. यामागे शुद्ध अर्थशास्त्र होतं. उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामायिक ड्रेनेज लाइनची गळती सोसायटीने दुरुस्त करायची आणि घरातल्या संडास-सिंकमुळे होणारी गळती त्या त्या सभासदाने. तेव्हा गळती एखाद्या घरातली निघाली तर एकाचा खर्च, लाइनची निघाली तर वीस जणांचा. एकोणीस जणांना न्याय हवा होता. ४०२वाल्या वहिनी विसाव्या होत्या.

प्लंबरने सुचवलं की त्यांच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप बंद करून लादीवर रंगीत पाणी भरायचं आणि उद्या ते कुठे निघतं ते बघायचं. त्यातून काही निघालं नाही तर ट्रॅप उघडून तेच पाणी लाइनमध्ये सोडायचं. रंग कुठून आणायचा यावर थोडी चर्चा झाली. हळद सुचवली गेली, पण ती अशुभ कामाला नको. शेवटी ३०४वाल्यांच्या मुलाने रंगपंचमीची उरलेली गुलाबी पुडी दिली. रात्रभर ३०२वाले हातात टॉर्च घेऊन स्वतःच्या बाथरूमच्या छताकडे बघत बसले. छत कोरडं राहिलं. सकाळी ट्रॅपची बूच काढली, आणि दुपारी १०२वाल्यांच्या बायकोने किंकाळी फोडली. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, मागच्या भिंतीवर, मुख्य पाइपच्या मागून गुलाबी ओघळ उतरत होता.

म्हणजे ४०२ निर्दोष. गळती लाइनची, खर्च सोसायटीचा. खरं तर आनंदाची बातमी होती, पण तिच्याबद्दल सगळीकडे दुखवट्याचं वातावरण होतं. फक्त ४०२वाल्या वहिनींनी संध्याकाळी घरोघरी पेढे वाटले, आणि ते सगळ्यांना खावे लागले.

याच सुमारास न्यू जर्सीतल्या आमच्या भाच्याने घर घ्यायचं ठरवलं. तिकडे घर ठरलं की विकत घेणारा माणूस स्वतःच्या खर्चाने इन्स्पेक्टर आणतो आणि तो छपरापासून तळघरापर्यंत सगळं उचकून बघतो. त्यातही जमिनीखालची ड्रेनेज लाइन नेहमीच्या तपासणीत येत नाही. तिच्यात लांब केबलवरचा कॅमेरा घालायचे पैसे वेगळे. जुनं घर असेल तर शहाणी माणसं ते देतात, कारण तिथेही १९७०च्या दशकात प्लॅस्टिकचे पाइप सर्रास व्हायच्या आधी बऱ्याच ठिकाणी बीडच होतं. भाच्याने पैसे दिले आणि कौतुकाने तो व्हिडिओ घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली एवढंच लिहिलं : नवं घर.

आम्ही उघडला तर नुसता काळोख, मध्ये एक गोल प्रकाश आणि काहीतरी ठिबकतंय. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग आत्याने लिहिलं, "छान आहे, फक्त उजेड कमी वाटतोय." धाकट्या काकांनी विचारलं, "प्रवेश पूर्वेकडून आहे ना?" आणि मोठ्या मामींनी हात जोडलेले तीन इमोजी टाकून, "वास्तुशांत इकडे येऊन कर," असं सांगितलं. खुलासा भाच्याने दुसऱ्या दिवशी केला. पाइपचा तळ कुजून गेला होता, घाण पाणी जमिनीत मुरत होतं, आणि तो व्हिडिओ मालकाला दाखवून त्याने किंमत उतरवून घेतली होती.

मला त्या पद्धतीचा हेवा वाटला. आपल्याकडे फ्लॅट बघायला येणारा माणूस पाणी किती वेळ येतं विचारतो, पार्किंग विचारतो, स्टेशन किती लांब आहे विचारतो आणि चालत दहा मिनिटं या उत्तरावर मनातल्या मनात वीस लिहितो. स्वयंपाकाचा ओटा आग्नेयेला आहे का ते बघायला कंपास काढतो. शेजारी कोण आहेत ते आडून आडून काढून घेतो. पण "जरा मागे चला, ड्रेनेजचे पाइप दाखवा," असं म्हणणारं गिऱ्हाईक आमच्या सोसायटीत अजून आलेलं नाही. आलं तर स्थळ बघायला आलेल्या मुलाने मुलीचा रक्तगट विचारावा, तसा एजंट त्याच्याकडे बघेल.

शेवटी काम निघालं. कंत्राट ज्याला मिळालं त्याचा मुख्य मिस्त्री ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातला. मुंबईतच काय, देशभरातल्या शहरांत नळाचं काम करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या जिल्ह्यातून येतात. तिथे पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी संस्थाही आहे. हा मिस्त्री बोलायला कंजूष. बांबूची परांची बांधून झाल्यावर तो वर चढला, पाइपमागे हात घालून चाचपलं, उतरला आणि चेअरमनना म्हणाला, "साहब, ये पाइप नहीं है. ये पेंट खड़ा है."

चेअरमनना ते लागलं, कारण मागचं रंगकाम त्यांच्याच कारकिर्दीत झालं होतं. पण मिस्त्रीचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. काढलेला पहिला तुकडा कंपाउंडमध्ये आडवा ठेवला तेव्हा सगळे जमले. पुढच्या अर्ध्या गोलाईवर रंगाचे थर होते. मिस्त्रीने छिन्नीने एक कोपरा उडवला तर आतून सोसायटीचा इतिहास निघाला : वर चालू कमिटीचा राखाडी, त्याखाली आधीच्या कमिटीचा चंदेरी, त्याखाली इमारतीला बदामी रंग दिला होता तेव्हाचा बदामी, आणि तळाशी १९७८चा तांबडा रेड ऑक्साइड. भिंतीकडच्या अर्ध्या गोलाईवर मात्र रंगाचा टिपूसही नव्हता. पाइप आणि भिंत यांच्यात जेमतेम दोन बोटांची फट असते. रंगाऱ्याचा ब्रश तिथे जात नाही, त्याचा हात जात नाही, आणि परांचीवर लोंबकळत तिथे मन घालावं असा पगार त्याला कुणी देत नाही. त्यामुळे प्रत्येक रंगकामात पाइपची दर्शनी बाजू तरुण होत गेली आणि पाठ कुजत गेली. बिल मात्र पूर्ण पाइपचं निघालं. रनिंग फुटाने.

मिस्त्रीने त्या पाठीत स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. काळी भुकटी खाली पडली. ३०४वाल्यांच्या मुलाने त्यात बोट बुडवून लादीवर रेघ ओढली, आणि ती स्वच्छ उमटली. पेन्सिलीत असतं तेच ग्राफाइट, दुसरं काही नाही. मग हॅक्सॉने पाइप आडवा कापला. बाहेरून चार इंच, पण आत गंजाच्या गाठींवर गाठी चढून मधली वाट दोन बोटं जाईल एवढीच उरली होती. वीस कुटुंबांचं सगळं काही इतकी वर्षं त्या वाटेने गेलं, याबद्दल काहींनी पाइपचं कौतुक केलं. ५०१वाले काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी सांध्याजवळ बोट लावलं. तिथे ताग कोंबून वर ओतलेलं शिसं अजून जसंच्या तसं होतं. "हे बघा," ते हळूच म्हणाले, "जॉइंट शाबूत आहे." पाइप गेला होता आणि सांधा उरला होता. काकांनी तेवढ्यावर तडजोड केली.

काम चालू असतानाच्या दिवसांबद्दल फार लिहू नये. नोटीस लागली होती : "सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत सर्व सभासदांनी संडास-बाथरूमचा वापर टाळावा. सहकार्य अपेक्षित आहे." त्याखाली पेन्सिलीने कुणीतरी विचारलं होतं, "सहकार्य नेमकं किती वेळ?" ज्यांचे नातेवाईक जवळ होते ते अचानक त्यांच्या प्रकृतीची चौकशी करायला गेले. काही जण मॉलमध्ये गेले आणि खरेदी न करता संध्याकाळी प्रसन्न चेहऱ्याने परतले. वॉचमन दर अर्ध्या तासाने इंटरकॉमवरून प्रत्येक घराला बजावत होता, "ऊपर से कोई फ्लश मत चलाना." सगळ्यांनी पाळलं. फक्त ४०४वाल्यांकडे गावाहून आदल्या रात्री पाहुणे आले होते आणि नोटीस वाचण्याची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. त्या वेळी दुसऱ्या मजल्यापाशी लाइन उघडी होती आणि मिस्त्रीचा मदतनीस बरोबर खाली उभा होता. तो ओडियात जे म्हणाला त्याचा अर्थ मिस्त्रीने आम्हाला सांगितला नाही. ४०४वाल्यांनी त्याला नवा शर्ट-पँट आणि आंघोळीला पाणी दिलं, यापलीकडे तपशील नको.

मग भंगाराचा दिवस उजाडला. ज्यांनी आजवर एकाही सभेला तोंड दाखवलं नव्हतं ते सभासद त्या दिवशी काट्याजवळ उभे होते. बीड किलोवर विकलं जातं हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते कुणाचं याबद्दल करारात एक अक्षर नव्हतं. कंत्राटदार म्हणाला, काढलेला माल आमचा, तशी पद्धतच आहे. सोसायटी म्हणाली, आमच्या पैशाचा माल आमचा. दोघंही अर्ध्यावर आले तेव्हा भंगारवाल्याने वजन केलं. सहा फुटी, चार इंची पाइप नवा असताना वीसेक किलोचा असतो. आमचे कुठलेच त्याच्या जवळपास भरले नाहीत. खजिनदार कॅल्क्युलेटर घेऊनच आले होते. त्यांनी फरक काढला आणि खिन्नपणे म्हणाले, "एवढं लोखंड आपण गटारात सोडलं."

आता पीव्हीसीचे नवे पाइप लागले आहेत. हलके, गुळगुळीत, गंज नाही, पिंपळ नाही. एक मात्र झालं. बीड जाड असतं, ते आवाज गिळतं. प्लॅस्टिक गिळत नाही. आता वरच्या मजल्यावर फ्लश झाला की खालच्या घरात धबधबा कोसळतो. २०३वाल्या वहिनींना ३०३वाल्यांचं पूर्ण वेळापत्रक पाठ झालंय. रात्री किती वेळा उठणं झालं त्यावरून त्यांनी एकदा जिन्यात ३०३वाल्यांना साखर तपासून घ्यायला सांगितलं. त्यांनी तपासली. निघाली. ५०१वाले काका हल्ली पुन्हा सभेत बोलायला लागलेत. "बिडाने पन्नास वर्षं कुणाचं काही बाहेर येऊ दिलं नव्हतं," असं ते म्हणतात, आणि त्याला उत्तर नाही.

तर मंडळी, तुमच्या सोसायटीत यंदा पावसाळ्याआधी रंगकाम निघालं असेल, आणि ते निघालंच असणार, तर शेडकार्ड बघण्याआधी एक करा. एखादा हातोडा घ्या, आडवे होऊन मागच्या गल्लीत शिरा आणि पाइपच्या भिंतीकडच्या बाजूला हात लावून बघा. हात काळा झाला तर रंगारी राहू द्या, आधी प्लंबरला बोलवा. आणि जे काही कंत्राट कराल त्यात भंगार कुणाचं ते लिहून घ्या.